सगळ्याले एकच शब्द, नॉर्मल

मंगळवार, सांजेची वेळ

आजचं आजच लिहून ठेवते. लेक वैशाली सकाळपासून बाळंतपणाच्या खोलीत अन् मी बाहेर बाकड्यावर. दवाखान्यात सगळ्याले एकच शब्द, नॉर्मल. बीपी नॉर्मल. कँटीनवाला विचारे, पाणी ठंडा का नॉर्मल? जावई घाबरून येरझारा घालून राहिला, तं नर्सबाई म्हणे तेही नॉर्मल.

दुपारून डॉक्टरीण बाहेर आली. "आजी, बाळाचे ठोके कमी होतायत. थोडं थांबू, नाहीतर सीझर करावं लागेल."

आता काहून नाही म्हणत ही नॉर्मल? पोरगी लवकर मोकळी व्हावी म्हणून मी पिशवीची गाठ सोडली, डब्याचं झाकण काढलं, अंबाडाही सोडला. नर्सबाईले म्हटलं, "एकदा नॉर्मल म्हण ना वं."

"झाल्याबिगर कसं म्हणू, आजी?"

खरी बाई. पण जीव जाऊन राहिला होता माझा.

मंग बाळाचं रडणं आयकू आलं. नर्सबाई दारात येऊन हासली. "नॉर्मल झाली. नात हाय."

मी आत धावली. वैशालीचा चेहरा पांढराफटक. बाळ दाखवायच्या आधी मलेच विचारते, "आई, तू जेवली का वं?"

मी खोटंच हो म्हटलं, अन् दिवसभरात पहिल्यांदा रडली.