साठीपुढच्या कैद्यांची यादी

२९ सप्टेंबर १९५८
मेलो! सीमेकडच्या जुन्या तुरुंगाचे कागद आले, सगळे मराठीत. राज्य नवं झालं, निपाणीकडचा मुलूख आमच्या कन्नड राज्यात आला, आता कुठला तुरुंग ठेवायचा, कुठला पाडायचा, याचा आराखडा आमच्या ऑफिसात चाललाय. मराठी वाचणारा मी एकटा. नंजुंडय्यासाहेब म्हणाले, "रघुजी, साठीपुढच्या कैद्यांची यादी इंग्रजीत काढा." कशाला, ते विचारलं नाही. साहेबाला कोण विचारणार!

अकराव्या पानावर – गुंडो मालोजी, निपाणी. खून. जन्मठेप.

माझे अप्पा.

३० सप्टेंबर
नोकरीच्या अर्जात मी वडील 'मयत' लिहिलेत. शालनशी लग्न केलं तेही असंच सांगून. बांधाच्या भांडणात अप्पांनी चुलत्याला मारलं, तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून तोंड पाहिलं नाही. माझ्या नावात मधोमध त्यांचंच नाव, कुणीही ओळखेल! नोकरी जाईल. शालन काय म्हणेल?

पान खिशात घालून घरी आणलं. यादीत नाव घातलं नाही.

३ ऑक्टोबर
पितृपक्ष. शालननं खीर-वडे केले. दर वर्षीसारखं जिवंत बापाचं पान गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच शिवला. "मामंजी तृप्त झाले हो!" – शालन खूश. मी ताट बाजूला सारलं.

६ ऑक्टोबर
शेजारच्या टेबलावरच्या देवाप्पाला सहज विचारलं, ही म्हातारी माणसं हलवणार कुठं? धारवाडकडचा तो, मराठी बोलतो, वाचता मात्र येत नाही. हसलाच. "हलवतात कुठलं, अण्णा! सोडणार त्यांना. नव्या तुरुंगात म्हाताऱ्यांना जागाच धरली नाही. यादीत नाव नसेल तो मात्र राहिला आतच. बुधवारी जाते बघ यादी."

देवा! अप्पांना मीच आत ठेवलं.

७ ऑक्टोबर
दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा परत. पान आठवडाभर कुठं होतं म्हणाले तर? भित्रा मेला!

८ ऑक्टोबर, बुधवार
पान साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी वाचायला सांगितलं, वाचलं. मग यादीत नाव घातलं. शेवटचा रकाना – 'सुटल्यावर कोण नेणार?'

'मुलगा' लिहिलं आणि शेजारी सही केली.