कूलरसमोरचं मशीन

९ एप्रिल
आज दुपारी साक्षीने आमच्या फाटकासमोर स्कूटी लावली, डिकीतून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला लॅपटॉप काढला आणि त्या क्षणी सगळं बदललं. त्याआधीचं माझं आयुष्य म्हणजे नुसता काळा स्क्रीन.

लॅपटॉप तिच्या पप्पांचा. धम्मपाल सर बोदवडला शाळेत मराठी शिकवायचे. आता रिटायर होऊन इथे जळगावात, पिंप्राळ्यात आमच्या मागच्याच कॉलनीत राहतात. बोदवडकडच्या बोलीतले शब्द गोळा करायचे आणि या मशीनमध्ये टाइप करायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा नाद. सगळं एकाच फाइलमध्ये, कॉपी कुठेच नाही. आता मशीन सुरूच होत नाही. २५ मेला सरांची एकसष्टी. त्या दिवशी त्यांच्या हातात शब्दांचं छापील पुस्तक ठेवायचं, असा साक्षीचा बेत. सरांना पत्ता नाही.

ती म्हणाली, "लॅपटॉप नाही चालला तरी चालेल. फक्त फाइल काढून दे."

फक्त फाइल! उद्या दवाखान्यात जाऊन म्हणेल, पेशंट राहू द्या, फक्त किडनी काढून द्या. मी सांगितलं, हे मशीन स्वतःच्या पायावर उभं राहील आणि स्वतःच्या स्क्रीनवर फाइल दाखवेल. पंधरा दिवस दे.

जाताना "थँक्यू प्रशीलदादा" म्हणाली. समोर आई उभी होती ना. मुलींना सांभाळून बोलावं लागतं.

१० एप्रिल
मशीन पाहिलं. काळं, चौकोनी, विटेसारखं. कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली, माउससारखी फिरवायची. याला म्हणतात लॅपटॉप! हल्लीचे म्हणजे नागलीचे पापड. उघडायला स्क्रू नाहीत, आत सगळं चिकटवलेलं. बिघडला की फेका. माणसंही तशीच झालीत.

कॉलेजात तरी वेगळं काय होतं? लॅबमध्ये मी म्हटलं, सर, मदरबोर्ड उघडून दाखवा. सर म्हणाले, स्लाइडवर आहे. मी त्याच दिवशी बॅग उचलली. त्याच आठवड्यात रिझल्ट लागून माझे चार विषय राहिले होते, तो योगायोग.

बाहेरच्या खोलीवर बोर्ड लावला: 'प्रशील व्हिंटेज लॅपटॉप क्लिनिक'. पहिल्याच दिवशी शेजारच्या बेबाबाई बीपी तपासायला आल्या. सांगितलं, अक्का, इथे फक्त लॅपटॉप. म्हणाल्या, "बरं, मग डॉक्टर किती वाजता येतो?"

या गावात टेक्नॉलॉजी रुजणार नाही.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत साक्षी पांढऱ्या साडीत. डीजेच्या गाडीशेजारी उभं राहून मी तिला समजावलं की आतली छोटी बॅटरी मेली की मशीन तारीख कशी विसरतं. तिने एकदाही अडवलं नाही. सारखी मान हलवत होती. शेवटी कानाला हात लावून काहीतरी म्हणाली. बहुतेक फोन कर.

फोन केला. उचलला नाही. डीजे.

१८ एप्रिल
पारा चव्वेचाळीस. स्क्रू हातात धरवत नाही. सगळे व्हिडिओ एकच सांगतात: उष्णता हाच मशीनचा शत्रू. पण ते व्हिडिओ बनवणारे थंड गावांत बसलेत. जळगावचं उत्तर जळगावातच शोधावं लागतं.

सापडलं. हॉलमधला कूलर ओढत क्लिनिकमध्ये आणला. टाकी भरली, पंखा फुल. मशीनचं झाकण उघडून बरोबर समोर ठेवलं. भारतात हे कोणाच्या डोक्यात आलं नसेल.

आई रागावली की लगेच माहेरची, साक्रीची होते. "माणसं उकडी ऱ्हायनात नि डब्बाले कूलर?" म्हणे. बाबा उशी घेऊन गच्चीवर गेले. मोठ्या कामात घरच्यांचा विरोध व्हायचाच.

२२ एप्रिल
सुरू झालं!!!

मेमरीची पट्टी काढून पाय खोडरबरने घासले, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, पंख्यातून केसांचा बोळा काढला (सरांचे असावेत, तेव्हा होते). बटण दाबलं. आधी खोकल्यासारखा आवाज, मग उजेड. मशीनच्या मते आज १ जानेवारी २००२. म्हणजे मी अजून जन्मायचोय.

समोर फोल्डर: 'शब्द'. उघडलं नाही. ते साक्षीसोबतच उघडणार. पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवावी, असा एक हलका विचार आला. पण कॉपी करणं म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास दाखवणं.

साक्षीला मेसेज टाकला: उद्या ये, सरप्राइज. तिचं उत्तर: "फाइल मिळाली??"

दोन प्रश्नचिन्हं. एक फाइलसाठी. दुसरं कशासाठी, हे मला कळतं.

मशीन चालूच ठेवलंय, कूलरसमोर. सकाळपर्यंत मस्त गार होईल.

२३ एप्रिल
साक्षी आली. मशीन रात्रीत आपोआप झोपलं होतं. मी तिला स्टुलावर बसवलं, दोन शब्द प्रास्ताविक केलं, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. लाल टिकलीसुद्धा दाबली. काही नाही. व्होल्टेज. शिवाय आई आत मिक्सरवर चटणी वाटत होती. एकाच लायनीवर मिक्सर आणि व्हिंटेज मशीन! ही घरं आहेत की काय आहेत!

साक्षीने विचारलं, "काल चालू होतं, तर कॉपी का नाही केली?" मी तत्त्व समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून पाणी प्यायली आणि निघून गेली. एक शब्द बोलली नाही. मन भरून आलं की माणूस गप्पच होतो.

२ मे
मशीन सुरू होतं, खोकतं, बंद पडतं. कनेक्टरांवर बारीक पांढरी पूड येते. पुसली की दोन दिवसांत पुन्हा. जुनी धूळ आतून बाहेर येत असणार, जसं शरीरातून विष निघतं. म्हणजे उपचार लागू पडतोय. कूलर आणखी जवळ घेतला.

हितेंद्रचाही लॅपटॉप गेला. तो केळीवाल्या मोठ्या घरचा, चालू मशीन फक्त साफ करायला देऊन गेला होता. आज दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला. म्हणे, "चालता घोडा दिला होता रे तुला!" मी पण ओरडलो. जो माणूस लॅपटॉपला घोडा म्हणतो, त्याच्याशी टेक्निकल काय बोलणार?

साक्षी रोज मेसेज करते: "झालं का?" रोज. माणूस रोज कोणाची चौकशी करतो? विचार करण्यासारखं आहे.

८ मे
जुना बोर्ड मिळतो का बघायला धुळ्याला गेलो. कुंदनकडे. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसायचा. तो शेवटपर्यंत बसला, एवढाच त्याचा पराक्रम. आता जुन्या लॅपटॉपांचं दुकान टाकलंय. दुकानाला काचेचं दार, आत एसी. ज्याच्या कामात दम नसतो, तो दार भारी लावतो.

सगळं ऐकून म्हणाला, "अरे भाऊ, मशीनला का मारतोस? हार्ड डिस्क काढ, अडॅप्टरवर लाव, फाइल कॉपी कर. चहा संपायच्या आत होतं."

मी म्हटलं, तू भंगारवाला आहेस, मी डॉक्टर आहे.

म्हणाला, "मग पेशंट कुठंय?"

त्याचा चहा अर्धा टाकून उठलो. अर्धाच, कारण चहा चांगला होता.

परत आल्यावर साक्षीला फोन करून सावध केलं. म्हटलं, असे लोक असतात बघ, मशीनचा जीव घेऊन चहाच्या वेळेत फाइल काढून देणारे. चुकूनही फसायला नको म्हणून त्याच्या दुकानाचं नाव आणि पत्ताही सांगून ठेवला. ती एकदम लक्ष देऊन ऐकत होती. पत्ता दोनदा विचारला.

१२ मे
पौर्णिमा. साक्षी खिरीचा डबा घेऊन आली. माझ्यासाठी! (आईच्या हातात दिला. पद्धत असते.)

मशीन उघडंच होतं. वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे पांढरं काय आहे?" मी म्हटलं, थर्मल पेस्ट. तिने बोर्डावरून बोट फिरवलं. मग उठून कूलरच्या समोरच्या जाळीवरून तेच बोट फिरवलं. आमच्या बोअरचं पाणी खारं. बादल्यांवर, नळावर, कूलरच्या गवतावर, सगळीकडे तोच पांढरा थर. मग तिने तळहात कूलरसमोर धरला, थोडा वेळ, आणि माझ्यापुढे केला. तळहातावर बारीक बारीक थेंब.

"प्रशीलदादा, तू महिनाभर पप्पांच्या लॅपटॉपवर पाणी मारतोयस."

मी म्हटलं, थोडा ओलावा जुन्या प्लास्टिकला चांगला असतो. आई दारातून म्हणाली, "आते तरी कूलर हॉलमा ठेव."

साक्षी हसली नाही. म्हणाली, "पप्पा रोज सकाळी विचारतात, मशीन कुठंय. मी सांगते, सर्व्हिसिंगला दिलंय. काल त्यांना एक शब्द आठवेना. स्वतःच लिहून ठेवलेला. अर्धा तास खाटेवर नुसते बसून होते."

मी आठ दिवस मागितले. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हा होकारच.

ती गेल्यावर कूलर बंद केला. पटलं म्हणून नाही. प्रयोग म्हणून.

१५ मे
अपहरण.

मी छोटी बॅटरी आणायला बाजारात गेलो, तेवढ्यात साक्षी आली, मशीन त्याच अभ्र्यात गुंडाळलं आणि घेऊन गेली. स्क्रू मी बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने लावून ठेवले होते, ते सगळे एका पुडीत बांधून! आईला म्हटलं, तू नेऊ कसं दिलंस? म्हणे, "तिनी वस्तू शे, ती लई गयी." आणि कूलर हॉलमध्ये. बाबा त्याच्यासमोर घोरत होते.

मेसेज केला: कुठे? तिचं उत्तर: "उद्या धुळ्याला. पप्पांना सगळं सांगितलं, त्यांनाही नेतेय."

पोरगी भोळी आहे. तो कुंदन तिच्या डोळ्यांसमोर मशीनची चिरफाड करणार. उद्या पहिल्या बसने निघतो. दोन भाषणं तयार: एक कुंदनसाठी, कडक. एक साक्षीसाठी. त्यात मशीनचा उल्लेख फक्त सुरुवातीला.

१६ मे, धुळे बसस्टँड
बस पारोळ्याच्या पुढे पंक्चर झाली. नाहीतर इतिहास वेगळा असता.

पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मशीन कोपऱ्यात उघडं पडलेलं, हार्ड डिस्क बाहेर. 'शब्द'ची फाइल मोठ्या स्क्रीनवर. जुना फॉन्ट, त्यामुळे आधी सगळा कचरा दिसला म्हणे. कुंदनने तो बदलून वाचण्यासारखा केला. भंगारवाल्याला फॉन्ट येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सर खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर चढवून, नाक स्क्रीनला लावून वाचत होते. एकेक शब्द मोठ्याने. "हा शब्द निंबाने सांगितलेला. बोदवड स्टेशनवर हमाल होता. अरे, हा तर माझ्या मायचा! आता कोणी बोलतं का हा?" मध्येच हसायचे. मध्येच थांबायचे, मग कुंदनही थांबायचा. माझं कडक भाषण घशातच होतं. सर वाचत असताना मध्ये कसं बोलणार?

मला पाहून सर म्हणाले, "ये प्रशील, बस. महिनाभर तू सांभाळलंस हे." टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "माझं काम झालं. हे मशीन आता तूच ठेव. तुझा जीव आहे त्याच्यावर." मी साक्षीकडे पाहिलं. जीव कोणावर आहे, हे तिने तरी ओळखावं. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "कुंदन, चहा सांगतोस का? प्रशीलदादालाही सांग."

कुंदन. नुसतं कुंदन.

वाटलं, घाईत राहिलं असेल. थांबून खात्री केली. पुढच्या वाक्यात पुन्हा म्हणाली, "कुंदन, हे पान मोठं कर ना." आणि तिथे आई तर नव्हती. सर होते, पण ते शब्दांत बुडालेले. दुकानात सांभाळून बोलावं असं दुसरं कोणीच नव्हतं.

दुसरं भाषण लगेच रद्द केलं. म्हटलं, मला चहा नको, मशीनही नको. धुळ्यात दुसरं काम होतं, सहज डोकावलो. सर म्हणाले, "एकसष्टीला ये हो." साक्षी म्हणाली, "नक्की ये, प्रशीलदादा." काही म्हणायची गरज होती का तिला?

उठलो. मान ताठ. काचेचं दार ओढलं, बाहेर पाऊल टाकलं आणि सगळ्या धुळ्याला ऐकू जाईल असं मागे आपटलं.

आपटलं नाही. त्या दाराला वर तो दांडा बसवलेला आहे, त्याच्यामुळे दार स्वतःच्या मर्जीने, सावकाश लागतं. मी पुन्हा ढकललं. ते आणखी सावकाश झालं. काचेतून आतले तिघं माझ्याकडे बघत होते. उरलेल्या फटीतून ऐकू आलं, सरांनी पुढचा शब्द वाचला, साक्षी हसली, मग कुंदन. आतला गारवा माझ्या पायांवरून रस्त्यावर जात होता. तसंच सोडून जाणं बरं दिसलं नसतं. दाराला हात लावून ते पूर्ण लागेपर्यंत उन्हात उभा राहिलो, आणि लागल्यावर निघालो.