नयूची गाणी आज आली

प्रिय नयू,

आज मधल्या सुट्टीत तुमच्या बँडमधल्या अक्षयचा फोन आला. "ताय, आली गाणी. सगळीकडे आली. ऐका." एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. मी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन मोबाईलवर शोधलं. काळं चित्र, त्यात चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं. वर तुमच्या बँडचं नाव, 'अवस'. खाली पहिल्या अल्बमचं, आपल्या खाडीकाठच्या चिखलावरून ठेवलेलं, 'खाजण'. आणि गायिका म्हणून तू, आडनावासकट! सगळ्यांत आधी कुणाला सांगावं असं वाटलं, माहितीये? तुलाच. म्हणून शाळा सुटल्यावर बाजारात आयेकडे जाऊन आले आणि आता लिहायला बसलेय.

बँडचं नाव ठरलं तेव्हा घरात केवढा गोंधळ झाला होता, आठवतं? आये मासळी साफ करता करता ओरडली, "अवस? दुसरा नाव नाय भेटला? पुनव ठेवा!" बाबा जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "अवसेला दर्या भरून येतो, म्हनून ठेवला आसंल."

"उधान पुनवेलाबी येता!" आये म्हणाली.

आणि तो तुझा पायघोळ काळा झगा! कापड घेऊन आपण शिंप्याकडे गेलो तर त्याने माप घ्यायच्या आधी हळूच विचारलं, "कोण गेलं?" तू म्हणालीस, "अजून कुणी नाही. मला गायचंय." थळच्या रस्त्याने घरापर्यंत आपण हसत आलो. पहिल्यांदा काळी लिपस्टिक लावून बाहेर आलीस तेव्हा आये म्हणाली, "व्हट कशान काले जाले गो? जांबलां खाल्लीस?" आपल्या दमट हवेत तुझं काजळ गालांपर्यंत उतरायचं. ते पुसत म्हणायचीस, "बरंच आहे ना ताय, गॉथिक दिसतं!"

मी एकदा विचारलं होतं, हे गॉथिक मेटल म्हणजे नक्की काय? तू बोंबील वाळत घालत होतीस. म्हणालीस, "दुःख असतं ना, ते आपल्याकडे बायका पदर तोंडाला लावून बोलतात. आम्ही ते गिटार लावून बोलतो." मला पटलं नव्हतं. आज पटतं.

रविवारी सकाळी रिक्षाने रेवसला जायचीस, तिथून लाँचने करंजाला, तिथून उरणला. अक्षयच्या बाबांचे ट्रेलर उभे असतात त्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत तुमची तालीम. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. मी एकदा बरोबर आले होते. गुडघ्यांना भोकं पडलेल्या जीन्समधला तो लाजरा अक्षय मला "नमस्कार ताय" म्हणाला आणि लगेच माईकमध्ये असा काही गुरगुरला की माझ्या हातातला चहा सांडला! त्या गुरगुरण्यातून तुझा आवाज वर आला. सरळ, बारीक, जराही न थरथरता. मला वाटलं, ही आपल्या घरातली मुलगी? हिच्याच वेण्या मी घालायचे?

पनवेलच्या तुमच्या पहिल्या कार्यक्रमात सुरुवातीला चारदोन पोरं मागून ओरडली. तू डोळे मिटून गात राहिलीस. दुसऱ्या गाण्याला तीच पोरं गप्प होऊन पुढे सरकली. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, "तुमच्या ओळखीची आहे का?" मी म्हटलं, "बहीण आहे." इतक्या ताठ मानेने मी ते कधी म्हटलं नव्हतं.

पण एका गोष्टीचा राग आहे गं मला. अंगात ताप असताना रेकॉर्डिंगला का गेलीस? आयेने चप्पल लपवून ठेवली होती, तर तू माझी घालून गेलीस! "आजचं शेवटचं गाणं आहे ताय, मग महिनाभर झोपते." खरंच झोपलीस. ताप उतरलाच नाही, डोळे पिवळे झाले. आधी अलिबागला, मग मुंबईला नेलं आणि आम्ही तुला घेऊन परत आलो ते चादरीत गुंडाळून. इतकी कसली घाई होती?

दिवाळीनंतर अक्षय घरी आला. ओटीवर अवघडून बसला. "काकी, नयनाची सगळी गाणी रेकॉर्ड झालीयेत. तुम्ही हो म्हणालात तर बाहेर काढू. नाही म्हणालात तर मी हात लावणार नाही."

आये म्हणाली, "माजी पोर गेली, न तुमी तिचा आवाज बाजारात नेताव? नाय."

तो "बरं" म्हणून उठला. मला वाटलं, आता हा काही यायचा नाही. पण पुढच्या महिन्यात पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. गाण्यांचं नावही काढायचा नाही. बाबांना होडीचं इंजिन उतरवायला मदत करायचा, जेवायचा, लाँच धरून परत जायचा. आये त्याच्या ताटात माशाची जास्तीची तुकडी वाढायला लागली. तुझ्या वाटणीची, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

एका दुपारी जेवणं झाल्यावर तिनेच विषय काढला. "काय गायली ती? जरा ऐकव."

अक्षयने तिच्या कानांवर हेडफोन लावले. गाणं बाहेरही बारीक ऐकू येत होतं. आये भिंतीला टेकून बसली होती, चेहरा कोरा. तू ते शेवटचं गाणं गात होतीस. मध्येच तिने हात वर केला.

"मांगं घे."

त्याने मागे घेतलं.

"अजून मांगं. हां. हितं."

अक्षयला वाटलं, तिला ती ओळ आवडली. म्हणाला, "काकी, ही ओळ नयनाने स्वतः लिहिली."

"ओल नाय रे. त्याच्या आधी. श्वास घेतलाय बघ तिनं." आयेने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. "ताप हाय तिला. ताप आला का बारीक असल्यापासून असाच श्वास घेयाची. तोंड उघडं ठेवून."

बाबा उठून बाहेर गेले.

मग अक्षय चाचरत म्हणाला, "काकी, हे श्वास मी पुसणार होतो. गाणी पक्की करताना पुसतात ते. गाणं स्वच्छ वाटतं."

आयेने हेडफोन काढले. "पुसशील तर बघ! गानी दे सगल्यांना, सगलीच्या सगली दे. पन माज्या पोरीचा श्वास ऱ्हावू दे."

म्हणून ती गाणी आज आली, नयू, तुझ्या प्रत्येक श्वासासकट. मुंबईच्या स्टुडिओतला माणूस म्हणत होता, हे कच्चं वाटेल. अक्षय हटला नाही.

बाजारात गेले तेव्हा आये नेहमीच्या जागेवर बसली होती, पुढ्यात मांदेली आणि दोन सुरमई. काही न सांगता मी फोन तिच्या कानाशी धरला. तिने हात पदराला पुसले आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. तेवढ्यात एक बाई आल्या. "मावशी, सुरमई कशी दिली?" आयेने बोट ओठांवर ठेवलं.

"जरा थांब गो. पोर गाते माजी."

आणि त्या बाई थांबल्या! पिशवी पायाशी ठेवून गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. आये रडली नाही. नंतर सुरमई मात्र सरळ कापता येईना तिला, म्हणून मीच कापून दिली.

अजून एक सांगायचंय. कसं सांगू कळत नाही. बँड पुढे चालू राहणार आहे. पेणची एक मुलगी येत्या रविवारपासून त्यांच्याबरोबर गाणार आहे. अक्षयने भीत भीत सांगितलं. मला आत कुठेतरी टोचलं, खोटं कशाला बोलू? आये मात्र एवढंच म्हणाली, "तिला आधी जेवाला घेऊन ये घरा. उपाशी पोटी गाऊ नको म्हनावं."

तिचा पहिला कार्यक्रम होईल तेव्हा मी आये-बाबांना घेऊन जाईन आणि पुढे उभी राहीन. त्या मुलीच्या आवाजात तुला शोधणार नाही, नयू. ती चुकली तर मनात तुझं नाव घेणार नाही. तिचा आवाज तिचाच म्हणून ऐकेन आणि तुझ्यासाठी वाजवल्या असत्या तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवेन. हा माझा शब्द.

तुझी,
ताय