साडेसात रुपयांची पावडर

कर्जत,
१२ फेब्रुवारी १९८७

प्रिय येसू,

पेपरातला तुझा फोटो पाहून तीन आठवडे झाले, आज लिहिते आहे. पदर खोचून ओढ्यात उभी, गळ्यात हार, मागे अर्धं गाव. पदर तरी नीट घ्यायचास! बाजारात भाजीवाली धोंडूबाई मला विचारते, "तुमी त्या पानीवाल्या येसूबाईंच्या भैन ना?" एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले, अर्ध्या तालुक्याच्या मनीऑर्डरी लिहिल्या, आणि आता मी कोण, तर तुझी बहीण! मेथी न घेताच परत आले.

हे लहानपणापासूनचंच. मामांनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तू चौथीतून सुटून आईबरोबर भात लावायला लागलीस. मला तुझी कीव यायची. पण सुट्टीत घरी आले की आई तुझ्याशी कुजबुजायची, हसायची. मला मात्र पाहुणीसारखा पाट मांडून द्यायची.

त्यात ही कपड्यांची पावडर. तुमच्या तक्रारीवरून सरकारने ती बनवणाऱ्या तुमच्याकडच्या कारखान्याला बजावलं, की टाकी बांधा, सांडपाणी शुद्ध करा, मगच ओढ्यात सोडा. लगेच सहा रुपयांची पिशवी साडेसातला झाली. वाणी म्हणाला, "टाकीचा खर्च हाय बाई, कंपनी काय घरनं घालनार?" पेन्शनीत दीड रुपयाही टोचतो गं. कौतुक तुझं आणि भुर्दंड मला! संक्रांतीला तुझ्याकडे तेच बोलले, तर तू हसून म्हणालीस, "टाकी हाय कुठं गं आक्का?" मला ती तुझी मिजास वाटली.

परवा तुला न कळवता एस.टी.ने आले. म्हटलं, जिचे पैसे मोजते ती टाकी बघू तरी. कुंपणामागे कमरेइतका खड्डा, त्यात दोन शेळ्या. गेटवरचा लडकू म्हणाला, "खनून दोन म्हैनं झालं बाई, म्होरं कोनी आलंच नाय." टाकीची एक वीट नाही, आणि भाव वाढवून मोकळे! ओढा तसाच, फेसाने पांढरा. खाली तू कपडे धूत होतीस, मधेच वाकून पोटऱ्या खाजवत होतीस. मी हाक न मारता मागे फिरले.

हाक मारायचं तोंड नव्हतं. तेवीस तारखेच्या सुनावणीत कारखानावाले एक इंग्रजी अर्ज वाचणार आहेत: गिऱ्हाइकांना महागाई सोसवत नाही, टाकीची अट काढून टाका. खाली दोनशे सह्या. तो अर्ज मी लिहून दिला, येसू. तुझा फोटो आला त्याच संध्याकाळी त्यांचा माणूस दारात आला आणि मी टेबलाशी बसले. इतकं सुंदर इंग्रजी मी जन्मात लिहिलं नव्हतं. पहिली सहीही माझीच. आता ती मागे घ्यायची आहे, खड्ड्याचं सांगायचं आहे, आणि त्या अर्जाला त्याच तोडीचं उत्तर द्यायला तुमच्यात दुसरं कोणी नाही, हे तुलाही ठाऊक आहे. बावीसला मुक्कामाला येते. येऊ नकोस म्हणालीस, तरी येणार.

तुझीच,
अंबूआक्का