मापं घेऊ दे

इंदिरानगर, नाशिक
रविवार

प्रिय योगू,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी सगळं वाच, मग काय रागवायचं ते सावकाश रागव.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, तरी भाजी आणायला रिक्षाने पंचवटीतच जाते. आपल्या कोपऱ्यावर मिळते ती तिला भाजी वाटतच नाही. मग पिशवी घेऊन दोन मजले चढते आणि दारात टेकून म्हणते, आपलं घर कधी व्हायचं? तर ते आता होतंय. पाथर्डी फाट्याच्या पुढचा बाबांचा प्लॉट इतकी वर्षं नुसतं गाजरगवत वाढवत पडला होता. मी कॉलेजातून निवृत्त झाले आणि पहिलं काम हेच हाती घेतलं.

अमोल घोटीत कितीतरी वर्षं घरं बांधतोय. सख्खा भाऊ ठेकेदार असताना बाहेर कशाला बघायचं, असं सगळ्यांचं मत होतं, आणि माझंही. थोड्याच दिवसांत तो नकाशा घेऊन आला. खाली पार्किंग आणि एक गाळा, समोरून रुंद जिना, वर हॉल, स्वयंपाकघर आणि खोल्या. त्याच्या घोटीच्या घराची जुळी बहीणच. मी विचारलं, योगिनी आली की वर कशी जाणार? तो म्हणाला, "वर्षातून एकदा तर येते ती, ताई. मी अन् ड्रायव्हर उचलू की."

हे तो प्रेमानंच म्हणाला. तुझ्या अपघातानंतर हॉस्पिटलात तुला उचलून बसवणारा, उठवणारा तोच होता, हे मी विसरलेले नाही. पण त्या क्षणी मला मागच्या वर्षीची दिवाळी आठवली. तुला खुर्चीसकट त्याच्या जिन्यावरून वर नेताना शेजारपाजारची माणसं फटाके उडवायचे थांबून बघत उभी राहिली होती. बाथरूमच्या दारात तुझी व्हीलचेअर अडकली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तूच हसलीस. दुसऱ्या दिवशी मात्र तू संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाहीस. चहाही नको म्हणालीस, पित्त झालंय म्हणून. पित्त नव्हतं झालेलं, योगू. मी पाहत होते. त्यानंतर तू आली नाहीस. कधी तुझ्या शिकवणीच्या मुलांच्या परीक्षा, कधी ऊन, कधी वसतिगृहातला कार्यक्रम. यंदा दिवाळीलाही पुण्यातच राहिलीस. मी एकही कारण खोडून काढलं नाही.

अमोलला मी सांगितलं की नकाशा मी दुसऱ्या कुणाकडून करून घेईन. आधी तो हसला. मी गंभीर आहे हे कळल्यावर म्हणाला की आर्किटेक्ट नुसती चित्रं काढतात, घर ठेकेदार बांधतो. आणि नकाशावर सही करायला त्याचा माणूस आहेच. मी म्हटलं, तो तुझा माणूस आहे, मला माझा माणूस हवाय. काम तू करू शकतोस, पण नकाशा दुसऱ्याचा असेल आणि काम तपासायलाही तोच येईल. अमोल चहा न घेता गेला. दसऱ्याला सोनं द्यायलाही आला नाही. आईने दोन दिवस माझ्याशी तुटकच बोलणं ठेवलं.

पहिला आर्किटेक्ट भेटला तो मोठ्या थाटाचा. माझं नाव विचारायच्या आधी त्याने कॉम्प्युटरवर तीन बंगले फिरवून दाखवले. वर म्हणाला, ठेकेदारही आमचाच आहे मॅडम, तुम्हाला काही बघायलाच नको. मी जिना उतरताना विचार केला, बांधणारा आणि तपासणारा एकाच ताटात जेवणार असतील तर भिंत वाकडी आहे हे मला कोण सांगणार? मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीने रोशनी भोयेचं नाव सुचवलं. पेठ तालुक्याकडची मुलगी, इथेच शिकली, आता मखमलाबादला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं ऑफिस आहे. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं की फी ती फक्त माझ्याकडून घेणार. ठेकेदाराकडून नाही, फरशीवाल्याकडून नाही. म्हणजे काम चुकलं तर ते मला सांगताना तिला कुणाची भीड पडणार नाही.

मग तिने विचारलं, घरात कोण कोण राहणार? मी म्हटलं, मी आणि आई. बहीण पुण्याला असते, ती कधी कधी येते.

"कधी कधीच का?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. अपघात, व्हीलचेअर, घोटीचा जिना, ते पाणी न पिणंसुद्धा. तिने हळहळ केली नाही. एवढंच विचारलं की तू खुर्ची स्वतः ढकलतेस की मागून कुणी लागतं. स्वतः, मी म्हटलं, आणि हात लावलेला तिला खपत नाही. तेव्हा ती हसली.

भाद्रपदात भर पावसात ती प्लॉटवर आली. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघायचं म्हणाली. आम्ही दोघी छत्र्या घेऊन चिखलात उभ्या. आपण सगळे कायम पुढच्या मोठ्या रस्त्याकडूनच प्लॉट बघत आलो, तिथून जमीन चढाची आहे. मागच्या गल्लीकडून मात्र ती जवळजवळ सपाट आहे. रोशनीने दार तिकडे नेलं. पायरी नाही, दवाखान्यासारखा उतारही नाही. सगळं घर एका मजल्यावर, पाणी बाहेरच्या बाहेर वळवलेलं.

अडलं ते आईपाशी. उंबरठ्याशिवाय घर कसलं, हळदकुंकू कुठे वाहायचं? रोशनीने तिच्यासाठी काळ्या दगडाचा उंबरठा काढला, पण फरशीच्या बरोबरीने, जमिनीत बसवलेला. आई नकाशा परत करून देवाला दिवा लावायला निघून गेली. चार दिवस विषय काढला नाही. मग एका सकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "जमिनीतच बसवायला सांग. ठेच लागल्याशिवाय लक्ष्मी आत येत नाही असं थोडंच आहे?" मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

अमोल अजून माझ्याशी धड बोलत नाही. रोशनीने तीन ठेकेदारांकडून दर मागवले, त्यात त्यानेही आपला पाठवला, निरोपाचा शब्द न लिहिता. पण परवा आईला फोन करून त्याने विचारलं की बाथरूमचं दार सरकतं करणार की बाहेर उघडणारं. सरकतं असेल तर खालची पट्टी फरशीत बुडवावी लागेल, नाहीतर चाक अडेल, म्हणाला. आईने फोन माझ्याकडे दिला, तर त्याने ठेवून दिला. काम त्याला मिळेल की नाही ते रोशनी ठरवेल. मला वाटतं, मिळावं.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, माझ्यासाठी घर बांधू नकोस, मी तिथे राहणार नाही, आणि फोन बंद केलास. राहू नकोस. मी तुला राहायला बोलवत नाहीये. तुझी नोकरी, तुझी शिकवणीची मुलं, तुझी माणसं तिथे आहेत हे मला कळतं. पण नकाशा शेवटच्या टप्प्यावर अडलाय. रोशनी म्हणते, पुस्तकात मापं असतात, पण तुझा हात किती उंच पोचतो, खुर्ची वळवायला तुला किती जागा लागते आणि पलंगावर सरकताना तू डावीकडून सरकतेस की उजवीकडून, हे तिला तुलाच विचारायचंय. येत्या गुरुवारी ती पुण्याला तुझ्याकडे येते आहे, टेप घेऊन. मी सोबत नसेन, म्हणजे तुला माझ्यासमोर काही लपवावं लागणार नाही. तिला मापं घेऊ दे. ओटा उंच झाला तर सांग, आरसा कुठे हवा ते सांग, तिच्याशी भांड हवं तर. मग या घरात वर्षातून एकदा ये, दहादा ये, नाहीतर येऊच नकोस. ते तुझं तू ठरव. पण आलीस तर दारातून तू एकटी आत येशील आणि पोटभर पाणी पिशील, एवढं मी बांधणारच आहे.

तुझीच,
ज्योत्स्नाताई