नटाचा ळ

३ जून
ठरलं! मुलाच्या कारखान्यातल्या साबणाच्या जाहिरातीला तो नट मिळाला — सिनेमातला, थेट पहिल्या फळीतला! मुलगा म्हणाला, "बाबा, आता हा साबण चालला नाही तर कारखान्याला कुलूप." पण ओळ माझी आहे —
फेस उसळे, मळ पळे, अंग झळाळे!
जन्मभर वर्गात दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. स्वतःची एकही छापून आली नाही. आता ही घरोघरी!

९ जून
चित्रीकरण. नट देखणा, स्वभावाने गोड — पण वाढला परभाषेत. ळ येतच नाही! "फेस उसले, मल पले, अंग झलाले!" मी ताडकन उठलो. "अहो, मळ! मल म्हणजे—" दिग्दर्शक म्हणाला, "आजोबा, चहा घ्या." सात वेळा उठलो, सात चहा झाले. दुसऱ्याचा आवाज लावायचा नाही, असं करारातच आहे. आणि नटाकडे वेळ एका दिवसाचा. राहिलं तसंच.

१८ जून
टीव्हीवर लागली. सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली. "बाबा, हा साबण आहे की जुलाबाचं औषध?" मुलगा जेवला नाही.

२ जुलै
दुकानात पुढची बाई म्हणाली, "एक मल पले द्या." मागून कुणीतरी, "मला दोन!" साबणाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही! कारखान्यात दुसरी पाळी सुरू. मुलगा शीळ घालत फिरतोय. आणि मी? माझी एकुलती एक ओळ लोकांच्या तोंडी, तीही अशुद्ध!

११ जुलै
दारात नट! एकटाच. "गुरुजी, सेटवर सगळे 'मल आला, मल आला' म्हणतात हो. आठवडाभर सुट्टी काढलीय, मला तो ळ शिकवा."
"जीभ उलटी वळवा, टाळूला लावा, सोडा. म्हणा, फळा."
"फला."
"बाळ."
"बाल."
कठीण आहे.

१५ जुलै
पाचवा दिवस. कपाळावर घाम. आणि एकदम — "फळा! शाळा! कळला, गुरुजी, कळला!" दोघंही नाचलो. सूनबाईने दार उघडलं, पाहिलं, पुन्हा लावून घेतलं. चौथीचा वर्ग आठवला — खिडकीत चिमण्या, साठ गळ्यांतून एकच कविता... डोळे भरून आले. मुलाला सांगितलं नाही. गंमत करू म्हटलं!

२९ जुलै
जुन्या जाहिरातीची मुदत संपली, आज नवीचं चित्रीकरण. मोठ्या व्यापाऱ्याने वर्षभराचा माल मागितलाय; अट एकच — 'मल पले' तसंच हवं. नटही तयार, म्हणे, मुद्दाम चुकलं की लाज कसली! दुपारी मुलाचा फोन. "बाबा, काय करून ठेवलंत? 'लाल' म्हणतो, 'फूल' म्हणतो, पण या ओळीवर आला की मळच!" मागून नट रडकुंडीला — "गुरुजी, जीभ आपोआप वळते हो!"

३० जुलै
सकाळची गाडी. चाळीस वर्षं चुका दुरुस्त केल्या. आज एक चूक शिकवायला निघालोय!