सरकारची वीस तारीख

॥ देवमाता प्रसन्न ॥

कातो पेत्रेस, २२ जुलै १८९४

चि. लोइझोस यास मिलियाताईचे अ. आ. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं पाद्रीबाबांनी मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलं. क्षेम कसलं डोंबलाचं! त्यांना म्हटलं, मी सांगते तेवढंच लिहा, मधे आपला शहाणपणा घालू नका. तर तेही लिहिताहेत बघ.

तुझी नोटीस पोचली. तुझीच म्हणते, कारण निकोसियाच्या सरकारी छापखान्यात खिळे जुळवणारा दुसरा कोणी माझा भाऊ नाही. ख्रिस्ताच्या गावची यात्रा करून हाजी झालेल्या आपल्या तोफिस मुख्तारानं पाटीलकीच्या तोऱ्यात ती कॉफीवाल्याच्या दारावर चिकटवली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणे वुनारीचा सगळा डोंगर आता सरकारी जंगल. ज्याचं कोणाचं वर झाड असेल त्यानं वीस ऑगस्टला सकाळी आपल्या झाडाखाली हजर राहावं, जंगलखात्याचा साहेब येऊन नोंद करील. जो हजर नसेल त्याचं झाड सरकारजमा. कायदा तुला ठाऊकच आहे, तुर्काच्या राज्यापासून तोच आहे: डोंगर सुलतानाचा, पण रानटी झाडावर ज्यानं कलम केलं, झाड त्याचं. इंग्रजानं सुलतानाला काढलं, कायदा ठेवला.

बाबा रे, माझं सगळं जगणं गोड शेंगांच्या त्या सात खरनुब झाडांवर आहे. त्यांच्याच शेंगा व्यापारी नेतो, त्यांचाच पाक काकवीसारखा वर्षभर पुरवते, आणि माझ्या रोदूच्या लग्नात द्यायला तीच झाडं आहेत. ती गेली तर मायलेकी मिळून कोणाच्या दारी धुणी धुवायची ते तूच सांग.

दुसरी धास्ती तुला कळलीच असेल. अन्नेझूवन्सं! मधलं मोठं झाड सासऱ्यांनी कलम केलं आणि मरताना मुलालाही म्हणाले तुझं, लेकीलाही म्हणाले तुझं. तुझे भावजी गेल्यापासून वन्सं माझ्याशी बोलत नाहीत. बोलतात ते शेळीशी, पण मला ऐकू जाईल असं. काल शेळीला म्हणाल्या, वीस तारखेला बघू कोण कोणाच्या झाडाखाली उभं राहतं ते. मीही माझ्या कोंबडीला म्हटलं, बघूच!

असो. वेळ भरपूर आहे. आधी उपासाचा पंधरवडा, मग पंधरा तारखेला देवमातेचा सण, आणि सण झाल्यावर साहेब. तू आमच्या भावजयबाई एलेंगूला घेऊन सणाला ये आणि वीसपर्यंत राहा. एक पुरुष माणूस शेजारी असलं म्हणजे वन्संचा आवाज जरा खाली येईल.

एलेंगूला आशीर्वाद. माझ्यावर माया आहे तेवढी राहू दे, जास्त करायला तुला सवड कुठे!

तुझी ताई
मिलिया

----

निकोसिया, १३ ऑगस्ट १८९४

ती. मिलियाताईस लोइझोसचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आता दुपारी हातात पडलं आणि काम टाकून लगेच लिहायला बसलो. ताई, खुशालीबिशाली नंतर. आधी हे ऐक.

वीस ऑगस्ट ही सरकारची वीस ऑगस्ट आहे! आपल्या देवळाची नव्हे. मी वर तेरा लिहिली आहे ना, आज तुमच्याकडे फक्त एक आहे, उपासाचा पहिला दिवस. इंग्रजाचं पंचांग आपल्यापुढे बारा दिवस धावतं. साहेब सणानंतर येणार नाही, सणाच्या आठवडाभर आधी येणार, तुमच्या आठ तारखेला!

मी ती नोटीस माझ्या हातांनी जुळवली आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इथे रोज सरकारी तारखेतच लिहितो. गावात वीस म्हटलं की देवाची वीस हे माणूस शहरात राहून विसरतो. हाजी तोफिसच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याला दोष देऊन झाडं वाचायची नाहीत.

तार फक्त जिल्ह्याच्या गावापर्यंत जाते, तिथून पुढे ती पत्रासारखीच खेचरावर बसते. म्हणून हे पत्र मिकेल खेचरवाल्याच्या हाती देतो आहे. वाटेत कुठे मुक्काम कर‌शील तर तुझी गाठ माझ्याशी आहे, असं त्याला बजावलंय. रजा मागितली. फोरमन म्हणाला, पिसाळलेल्या कुत्र्यांची नोटीस, मिठाच्या भावाची नोटीस, सगळं अंगावर आहे आणि तुला सण सुचतोय?

पत्र पोचताच सगळ्यांना सांग. अन्नेझूआक्कांनाही सांग, रागात विसरू नकोस. डोंगर गेला तर मधलं झाडही गेलं, मग भांडायचं कशावरून?

पत्राकडे डोळे लावून बसलेला तुझा
लोइझोस

----

॥ देवमाता प्रसन्न ॥

कातो पेत्रेस, ८ ऑगस्ट १८९४, दुपार

चि. लोइझोस यास अ. आ.

मिकेल आत्ता पोचला. मेल्याचं खेचर वाटेत लंगडलं. साहेब आज सकाळीच येऊन गेला!

आणि ऐक माझं शहाणपण. सकाळी मी दारात होते. घोड्यावर टोपीवाला साहेब आणि बरोबर दुभाष्या. मला वाटलं, तितर मारायला आला असेल. उन्हाचा आला म्हणून तांब्याभर गार पाणी दिलं. दुभाष्यानं विचारलं, वर वुनारीवर कोणी आहे का हो? मी म्हटलं, कोणी म्हणजे कोणी नाही, खुशाल जा, सगळं निवांत आहे! लोइझो, मी माझ्या तोंडानं सांगितलं रे! साहेबानं चक्कर मारली, कोणी नाही असं लिहिलं आणि पुढच्या गावी, आय फोतूला गेला.

पुरुष सगळे खाली मैदानात मळणीला. हाजी तोफिस कपाळाला हात लावून पायरीवर बसलाय. पाद्रीबाबा म्हणताहेत, आज आठच तारीख आहे आणि आठच राहील, देवाच्या पुढे धावायचा अधिकार सरकारला दिला कोणी? (हे मी खरेच म्हणालो. – पापा स्तिल्लिस)

मी घंटा वाजवली आहे. गावातल्या सगळ्या बाया जमल्या आहेत. आम्ही आय फोतूला निघालो. वन्संसुद्धा निघाल्या आहेत, माझ्यापासून दहा पावलं लांब.

प्रार्थना कर.

ताई

----

निकोसिया, २७ ऑगस्ट १८९४

ती. मिलियाताईस शि. सा. न. वि. वि.

आज तुमचा सण. एलेंगूनं मेणबत्ती लावली आणि तुझ्या नावानं रडली. तुझं आठ तारखेचं पत्र मिळालं, पुढचं काहीच कळत नाही. जीव टांगणीला लागलाय.

त्यात आज काय झालं ते सांगतो. जुळवायला नवा कागद आला: कातो पेत्रेस, वुनारी डोंगर, हक्कदार कोणीही हजर नाही, सबब संपूर्ण सरकारी जंगल. ताई, मी तो जुळवलाच नाही. कागद कुत्र्यांच्या नोटिशीखाली सरकवला. फोरमननं विचारलं, तर म्हटलं, तुर्की मजकूर आधी होऊ द्या, मग माझा ग्रीक. तुर्की जुळवतो तो माझ्या शेजारचा शुक्री एफेंदी. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून त्यानं ओळखलं असावं. तो फोरमनला म्हणाला की ग्रीक आधी झाल्याशिवाय मला ओळी मोजता येत नाहीत. असे आम्ही दोघं दिवसभर एकमेकांची वाट बघत बसलो. संध्याकाळी तो हळूच म्हणाला, माझ्या आईचीही दोन ऑलिव्हची झाडं आहेत.

पण हे किती दिवस चालणार? उद्या छापावंच लागेल. एकदा छापलं की झालं, ताई. काय झालं ते कळव. वाईट असलं तरी कळव.

तुझा
लोइझोस

----

॥ देवमाता प्रसन्न, प्रसन्न, त्रिवार प्रसन्न ॥

कातो पेत्रेस, १६ ऑगस्ट १८९४

चि. लोइझोस यास मिलियाताईचे लाख लाख आशीर्वाद, वि. वि.

जिंकलो रे जिंकलो! डोंगर आपला! सणाच्या गडबडीत पाद्रीबाबांना लेखणी धरायला वेळ नव्हता, म्हणून उशीर. आता त्यांना दाराला कडी घालून बसवलंय.

त्या संध्याकाळी आय फोतूला पोचलो तर साहेबाचा तंबू विहिरीपाशी. आम्ही काही बोललो नाही. तंबूभोवती गोल करून बसलो आणि टकळ्या काढून सूत कातायला लागलो. साहेब बाहेर आला, आत गेला, परत बाहेर आला. सकाळी सामान लादायची वेळ झाली तरी आम्ही तिथंच. खेचरांना वाट नाही. शेवटी दुभाष्या आला. मला बघून म्हणाला, तू पाणी देणारी बाई ना? तूच म्हणालीस की वर कोणी नाही!

मी उठले. टकळी कमरेला खोचली. मी म्हटलं, साहेबाला सांगा, त्यांची वीस होती तेव्हा आमची आठ होती. दुभाष्यानं सांगितलं. साहेब म्हणाला, नोटीस ती नोटीस, तारीख ती तारीख. मग माझं डोकंच फिरलं! मी म्हटलं, असं का? मग तुमचा माणूस शेंगांच्या वसुलीला येतो, तेव्हा बरोबर आमचा क्रुसाचा सण धरून येतो ना? तेव्हा कशी आमची तारीख कळते? घेताना देवाचं पंचांग आणि देताना सरकारचं?

बाया हसायला लागल्या. दुभाष्यानं ते सगळं सांगितलं की थोडं गाळलं देव जाणे, पण साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो म्हणाला, उद्या सकाळी एकदाच डोंगर चढीन, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. प्रत्येक झाडाखाली माणूस दिसला पाहिजे. पण कुठे एक जरी भांडण ऐकलं, तर तसाच घोड्यावर बसेन आणि सगळा डोंगर जंगल.

झालं! सगळ्या बायांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग वन्संकडे बघितलं. मग खाली.

रातोरात मळणीवरून पुरुषांना बोलावलं. सकाळी वुनारीवर सगळं गाव उभं. म्हातारे, पोरंटोरं, बाळंतीण सुद्धा. माझ्या सहा झाडांची नोंद झाली. रोदू आणि शेजारणी एकेक झाड धरून उभ्या होत्या. मधल्या झाडापाशी आले तर वन्सं आधीच बुंध्याला पाठ लावून उभ्या. मीही जाऊन उभी राहिले, दुसऱ्या बाजूला. दुभाष्यानं विचारलं, हे कोणाचं? हाजी तोफिसनं डोळे मिटले.

लोइझो, माझ्या तोंडात 'माझं' हा शब्द तयार होता. इतकी वर्षं तोच घोळवत होते. आणि मी वन्संकडे बघितलं. केवढ्या म्हाताऱ्या झाल्यात रे त्या! आणि खाली बाळंतीण पोर घेऊन उन्हात उभी. मी म्हटलं, ह्यांचं. आणि त्याच घटकेला वन्संनीही माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, हिचं.

साहेबानं दुभाष्याकरवी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या वडिलांनी कलम केलंय, त्यांचंच. त्या म्हणाल्या, काही नाही, माझ्या भावाचं, म्हणजे हिचंच. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा वन्सं. त्या म्हणाल्या, तू मला गप्प बसवणारी कोण? आवाज चढायला लागले! साहेबानं मुख्तारला विचारलं, हे भांडण आहे काय? हाजी तोफिस घामाघूम होऊन म्हणाला, नाही नाही साहेब, आमच्याकडे प्रेमानं असंच बोलतात.

तेव्हा वन्संनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! आणि दुभाष्याला म्हणाल्या, लिहा, निम्मं हिचं, निम्मं माझं. आमच्याकडे झाडाचे वाटे होतात. साहेबानं लिहिलं, सही केली, आणि सगळा डोंगर असा ओरडला की साहेबाचा घोडा बुजला. मला रडूच आवरेना. वन्संनी त्यांच्या पदरानं माझं नाक पुसलं, तेही जोरात.

खाली उतरताना म्हणाल्या, उन्हाकडची अर्धी बाजू माझी हं. मी म्हटलं, बघू. म्हणजे सगळं ठीक आहे.

सणाला आमच्याकडे जेवल्या. माझ्या रश्श्यात मीठ कमी आहे असं मला सांगितलं, शेळीला नाही.

एलेंगूला आशीर्वाद. तुझ्या पत्रानं गाव वाचवलं, म्हणून या खेपेस तुझ्यावर जरा जास्तच लोभ करते.

ताई

----

निकोसिया, २० सप्टेंबर (आपली ८) १८९४

ती. मिलियाताईस व ती. अन्नेझूआक्कांस लोइझोसचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी छापखान्यात मोठ्यानं वाचलं. शुक्री एफेंदीनं 'प्रेमानं असंच बोलतात' इथं टाळी दिली. तो जुना कागद छापलाच गेला नाही. मी लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबाचं पत्र आलं, तो रद्द समजावा म्हणून. आणि आता खरी नोटीस आली आहे. वर तारखा दोन्ही आहेत, तसा साहेबाचाच शेरा होता.

फोरमन म्हणाला, मधल्या झाडाला दोन नावं कशाला, एक घाल, ओळ वाचेल. मी म्हटलं, हवं तर माझी नोकरी घ्या, पण ती ओळ तशीच जाईल. तशीच गेली: मिलिया आणि अन्नेझू, निम्मे निम्मे. अमक्याची विधवा नाही, तमक्याची बायको नाही, नुसती तुमची नावं. सोबत एक प्रत पाठवतो आहे, शाई अजून ओली आहे, जपून उलगड.

ताई, चौदा वर्षं मी या हातांनी नोटिसा जुळवतो आहे. कोणाची जमीन गेली, कोणाचं पाणी गेलं, कोणाची बकरी जप्त झाली. घरी जाऊन हात घासून धुवायचो. काल तुझ्या नावाचा खिळा खिळा निवडून लावला आणि शाईचे हात घेऊन तसाच घरी गेलो. एलेंगूनं पाणी पुढे केलं. म्हटलं, आज नको, आज असेच राहू दे.

शेंगा झोडायला दोन दिवसांची रजा मिळाली आहे. तुम्ही दोघींनी मला वाटून घ्यावं, आणि लोभात मात्र वाटे करू नयेत, एवढीच विनंती.

तुमचा
लोइझोस